मोडेनात बाल्सामिक घ्यायचंय, दुकानात नेमकं काय बघू?

मृणाल_प्र: इटलीत बोलोन्याला मुक्काम आहे, तिथून एक दिवस रेल्वेने मोडेनाला. तिथल्या एखाद्या चांगल्या खाद्यपदार्थ आणि वाइनच्या दुकानात निवांत वेळ काढायचाय. पण बाल्सामिकची, म्हणजे द्राक्षरसाच्या व्हिनेगरची, एक बाटली पाच युरोला, शेजारची पन्नासला, आणि लेबलं दोन्हीकडे तितकीच भारदस्त. फरक कळायचा कसा? सोबत सासूबाई आहेत. पक्क्या शाकाहारी, पण चव घ्यायला सगळ्यांच्या पुढे. त्यांना काय चालेल तेही सांगा.

आंबटशौकीन: मृणालताई, पुढचं लेबल सोडा, बाटली उलटी करून घटक वाचा. नुसता शिजवलेला द्राक्षरस लिहिला असेल आणि 'त्रादित्सिओनाले' (पारंपरिक) या शब्दासोबत 'डीओपी' हा मूळ प्रदेशाचा कडक शिक्का असेल, तर ती खरी पारंपरिक. वाइन व्हिनेगर दिसलं की ती 'आयजीपी', म्हणजे त्याहून सैल नियमांच्या शिक्क्याची. तिला 60 दिवस मुरवलं तरी नियमात बसतं आणि रंगासाठी कॅरॅमलही चालतं. वाईट नव्हे हो, सॅलडला मी तीच वापरतो. पण नक्षीदार बाटलीवरचा मोठा आकडा बघून पैसे मोजू नका. तो आकडा म्हणजे वय नव्हे.

पारंपरिकला किमान 12 वर्षं लागतात, 'एक्स्त्रावेक्यो' (खूप जुनी) लिहिलेलीला 25. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची लहान होत जाणारी पिंपं, बहुधा घराच्या माळ्यावर, कारण उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही हवेत. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं आणि प्रत्येकात त्याच्या मोठ्या शेजाऱ्यातलं भरायचं. किंमत वाढते ती इथे.

मोडेनाची पारंपरिक एकाच घाटाच्या बाटलीत मिळते: खाली चौकोनी बूड, वर गोल काच, 100 मिली. जुजारो या मोटारींच्या डिझायनरने आखलेली. चव मागायला लाजू नका, चमचाभर देतात. चमचा तिरका केलात की काकवीसारखं सावकाश ओघळतं. आधी गोड लागतं, आंबटपणा मागाहून येतो. हे गरम कढईत ओतायचं नाही, ताटात वाढल्यावर वरून थेंब.

बरीच दुकानं दुपारी बंद असतात बरं का. सकाळीच गाठा, आल्बिनेल्ली मंडईही होईल. 1931 सालची आहे, छत बघण्यासारखं.

निशिगंधा: सासूबाईंसाठी महत्त्वाचं: पार्मिजानो रेज्जानो या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं. अपवाद नाही, नियमच तसा आहे. ग्राना पादानोतही सहसा तेच. दुकानात 'कालियो वेजेताले' म्हणून विचारा, म्हणजे वनस्पतिजन्य रेनेटचं चीज दाखवतील. आणि न्योक्को फ्रित्तो दिसायला पुरी, पण बहुतेकदा डुकराच्या चरबीत तळलेली. तिकडे पाटी वाचल्याशिवाय हात घालू देऊ नका. बाल्सामिक मात्र बिनघोर.

मृणाल_प्र: बाप रे, चीजचं माहीतच नव्हतं! बरं झालं विचारलं. नवऱ्यासाठी तिथली लाम्ब्रुस्को वाइन घ्यायचीय. ती गोड असते ना?

आंबटशौकीन: गोडच असते असं नाही. 'सेक्को' म्हणजे कोरडी, 'आमाबिले' गोडसर, 'दोल्चे' गोड. तिचे प्रकारही आहेत: सोर्बारा फिकट आणि जास्त आंबट, ग्रास्पारोसा गडद, भरदार. लाल असली तरी फेसाळ, थंडच प्यायची. मला विचाराल तर सोर्बारा सेक्को. वाइन चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून. बाल्सामिकची बाटली 100 मिलीच असल्याने पारदर्शक पिशवीत घालून हातातल्या सामानातूनही नेता येते, पण मोठी आयजीपी तिथे अडवू शकतात.

निशिगंधा: चीज घेतलंत तर 'सोत्तोव्होतो' सांगा, हवा काढून पॅक करून देतात. नाहीतर वाइनवर गुंडाळलेल्या कपड्यांना महिनाभर वास.