अंबरनाथ की बदलापूर? लहान मुलीसह राहायला परवडणारं आणि सुरक्षित घर

नवी_पायवाट

नमस्कार मंडळी. घरात आम्ही दोघं आणि तीन वर्षांची मुलगी. सध्या ठाण्यात भाड्याने राहतो. नवऱ्याचं ऑफिस वागळे इस्टेटला, माझं घाटकोपर स्टेशनपासून चालत. हातात १२ लाख आहेत, बाकी कर्ज. तीन घरं पाहिली:

१. बदलापूर पश्चिम, बॅरेज रोडच्या बाजूला. बांधकाम सुरू, ताबा दोन वर्षांनी. वन बीएचके, '६५० फूट', ३८ लाख.
२. अंबरनाथ पूर्व, साधारण दहा वर्षं जुनी इमारत, रिसेल, ४२ लाख.
३. टिटवाळा, नवी इमारत, ३२ लाख.

मला रात्री घरी पोहोचायला साडेनऊ होतात. त्या वेळचा रस्ता, पाणी, शाळा आणि पुराची भीती, हे चार प्रश्न आहेत. माहीतगारांनी नेमकं सांगावं.

रूळमित्र

आधी गाड्यांचं बोलतो, कारण तुमचं रोजचं आयुष्य त्यावर बेतलेलं असणार.

कल्याणपर्यंत मुख्य मार्गावर किमान चार रूळ आहेत. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच. त्याच दोन रुळांवरून पुण्याच्या मेल-एक्सप्रेसही जातात. एक गाडी बिघडली की मागची रांग थांबते, आणि वळवायला दुसरा रूळ नसतो. टिटवाळ्याकडे, म्हणजे कसारा मार्गावर, आजवर हीच अडचण आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम एमयूटीपी ३अ या मुंबईच्या रेल्वे विस्तार योजनेत आहे. मात्र ते पूर्ण होईल असं धरून आज घर घेऊ नका. ब्रोशरमधल्या मेट्रो १४ (कांजूरमार्ग-बदलापूर) चंही तेच.

बदलापूरहून ठाणे फास्टने पाऊण तास ते पन्नास मिनिटं, घाटकोपर साधारण एक तास. अंबरनाथला दहाएक मिनिटं वाचतात. पण मिनिटांपेक्षा गाडी कुठून सुटते ते पाहा. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये सकाळी बसायला मिळतं. कर्जत-खोपोलीहून येणारी भरून येते. अंबरनाथहूनही गाड्या सुटतात. वेळापत्रकात सकाळी ७ ते ८:३० मधल्या 'इथून सुटणाऱ्या' गाड्यांना खूण करा. तुमच्या वेळेच्या आसपास अशा तीन तरी हव्यात, म्हणजे एक चुकली तरी दिवस बिघडत नाही.

घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा वेळ मोजा, आणि तो मंगळवारी किंवा बुधवारी मोजा. रविवारी साइट बघायला बिल्डरच्या गाडीतून जाणं म्हणजे काहीच न बघणं. परतीचा प्रवासही तुमच्या ठरलेल्या गाडीने करा आणि साडेनऊला शेअर रिक्षाची रांग किती आहे ते बघा. दिवसा शेअरमध्ये जाणारा रस्ता रात्री 'स्पेशल'वर येतो आणि भाडं कितीतरी पटीने वाढतं. स्टेशनपासून चालत १५ मिनिटांच्या आत, दिवे आणि उघडी दुकानं असलेल्या रस्त्यावरचं घर मिळालं, तर त्यासाठी लाखभर जास्त द्यायला हरकत नाही.

उल्हासकाठ

पहिल्या घराबद्दल स्पष्ट सांगते: बदलापूर पश्चिमेच्या नदीकडच्या पट्ट्यात पूररेषा पाहिल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९, दोन्ही वेळा उल्हास नदी या भागात शिरली. २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, ती याच पुरात. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड, वालिवली, सोनिवली इथे तळमजले आणि पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली जातात.

पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मुळात होऊ नये. निळी आणि लाल यांच्या मधलं घर कागदावर कायदेशीर असू शकतं, पाणी तरीही येतं. नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा आणि त्यावर रेषा बघा.

मग जागेवर जा. शेजारच्या जुन्या इमारतीच्या कुंपणभिंतीवर पाण्याचा डाग कुठवर आहे? किराणा दुकानदाराने खालचे खण रिकामे ठेवलेत का? आणि जो मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही तो हा: इमारतीचा मीटर बोर्ड, पंप आणि जनरेटर कुठे आहे? ते स्टिल्टमध्ये (खांबांमधल्या उघड्या पार्किंगच्या मजल्यावर) जमिनीलगत असतील, तर तुम्ही सातव्या मजल्यावर कोरड्या असूनही वीज, लिफ्ट आणि पाणी तिन्ही बंद. लहान मूल घरात असताना असे तीन दिवस फार जड जातात.

टिटवाळ्याला काळू नदी आहे, तिथेही हीच तपासणी. नदीच्या बाबतीत बदलापूर पूर्व (कात्रप, शिरगाव) बरं आहे, पण तिथे आणि अंबरनाथला दुसरा प्रश्न एमआयडीसीचा. रासायनिक कारखान्यांचा वास दिवसा जाणवतोच असं नाही. रात्री ११ नंतर आणि पहाटे ५ च्या सुमारास जाऊन उभ्या राहा, शक्यतो हिवाळ्यात, कारण तेव्हा हवा खाली साचते. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांत आजूबाजूच्या इमारतींच्या काचा लांबवर फुटल्या. म्हणून मी रासायनिक भूखंडांपासून निदान दोन किलोमीटर अंतर ठेवायला सांगते. हा नियम नाही, माझं मत आहे.

पाण्याचं 'चोवीस तास' हे आश्वासन ऐकून घेऊ नका. सोसायटीचा मागच्या एप्रिल-मेचा जमाखर्च मागा आणि टँकरची ओळ शोधा. टाकीचा हिशेबही सोपा आहे: माणशी रोज १३५ लिटर, घरी पाच माणसं, ६० घरं म्हणजे दिवसाला ४०,५०० लिटर. नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर साठवण याच्या दुप्पट हवी. वॉचमनला विचारा, आठवड्याला किती टँकर येतात. तो सहसा खरं सांगतो.

सातबारा_वाचक

वरच्या दोघांचं पटलं. आता कागद.

महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून महारेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. लोकांची कर्जं मात्र चालूच. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घ्या आणि तो क्रमांक नगरपरिषदेच्याच नोंदवहीत आहे का, हे तिच्याकडून लेखी मिळवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. एवढं थांबायला जो बिल्डर तयार नाही, त्याच्याकडे घेऊच नका.

महारेराच्या पानावर तीन गोष्टी बघा: मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख यांत किती अंतर पडलंय, मंजूर मजले किती (सात मंजूर आणि विक्री नवव्याची, असं घडतं), आणि जमिनीवर कर्जाचा बोजा किंवा दावा आहे का. '६५० फूट' हा सेलेबल आकडा असणार, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरलेला. करारात फक्त कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, येतं. ते बहुधा ४०० च्या आसपास निघेल, दर त्यावरून काढा. आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ही रेराच्या कलम १३ ची अट बिल्डरला तोंडावर सांगा.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन) दिसलं, किंवा इतर हक्कात कुळकायदा कलम ४३ चा शेरा असला, तर लागणाऱ्या सरकारी परवानगीची किंवा ती अट सुटल्याच्या आदेशाची प्रत हवीच. रिसेलला पहिल्या करारापासूनची पूर्ण साखळी, प्रत्येकाची सूची २ (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचा नगरपरिषदेचा दाखला). वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, आणि वकील बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला नको.

हिशेबनीस

१२ लाखांत ४२ चं घर बसत नाही. आकडे मांडतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, ३० ते ७५ लाखांचं ८० टक्क्यांपर्यंत. ४२ लाखांवर कमाल कर्ज ३३.६० लाख. तुमचे ८.४० लाख. मुद्रांक शुल्क वरच्या बाजूने ७ टक्के धरलं तर २.९४ लाख, नोंदणी ३० हजार. झाले ११.६४ लाख. एजंट, वकील, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, सामानाचा टेम्पो, खिडक्यांच्या जाळ्या यांना ३६ हजार उरतात. शिवाय ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण २९,००० चा.

आता ३६ लाखांचं घर घ्या आणि कर्ज बरोबर ३० लाख ठेवा. स्वतःचे ६ लाख, मुद्रांक २.५२, नोंदणी ०.३० मिळून ८.८२ लाख. हातात तीन लाखांहून जास्त राहतात, हप्ता सुमारे २६,०००. सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय लहान मूल असलेल्या घराने कर्जात उतरू नये. घर फक्त तुमच्या, म्हणजे बाईंच्या, एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्यासोबतच्या जोडनावाला मिळत नाही.

चालू बांधकामाला ४५ लाख आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का. ओसी झालेल्या घराला जीएसटी नाही. पण बांधकाम चालू असेपर्यंत ठाण्याचं भाडंही भरायचं आणि बँकेचं व्याजही. २४ महिन्यांचं भाडं ३८ लाखांत मिळवा, मग ते स्वस्त आहे का बघा.

नवी_पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. बॅरेज रोडचं घर बाद केलं. अंबरनाथचा मालक म्हणतो करार ३५ चा करू, ७ रोख द्या, मुद्रांकही वाचेल. आणि ओसी 'प्रोसेसमध्ये' आहे. काय करावं?

सातबारा_वाचक

दोन्हीला नाही म्हणा, ताई. बँक कर्ज कराराच्या आकड्यावर देते, म्हणून ते ७ लाख पूर्ण तुमच्या खिशातून जातील. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे. उद्या व्यवहार फिसकटला तर त्या सातांचा पुरावा तुमच्याकडे काही नाही.

दहा वर्षांत ओसी आली नसेल तर कारण कागदावर असतंच: वाढीव मजला, न सोडलेली मोकळी जागा, अग्निशमनाची अपुरी व्यवस्था. नगरपरिषदेत विचारा. ओसी नसली तर अनेक बँका कर्ज देत नाहीत, आणि पुढे विकताना हीच अडचण तुमच्या वाट्याला येते.

उल्हासकाठ

माझी सूचना: कात्रप किंवा अंबरनाथ पूर्वेला आधी ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरारावर) राहा, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात येतो. करार जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केलात तर दोन्ही पूर्ण दिसतात आणि शाळेचे प्रवेशही हाताशी येतात.

शाळेत गेलात की इमारत बघून परतू नका. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीतल्या सदस्यांची नावं मागा (२०२२ पासून प्रत्येक शाळेत ही समिती असायला हवी). मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का, सीसीटीव्हीचं चित्रण कोण तपासतं आणि किती दिवस ठेवतं, हे विचारा. बसमध्ये महिला मदतनीस शेवटचं मूल उतरेपर्यंत असते का, तेही. उत्तर तोंडी न देता कागद दाखवणारी शाळा निवडा.

रात्री ताप चढला तर जायचं कुठे, तेही आधी पाहून ठेवा. घराजवळ बालरोगतज्ज्ञ, आणि चोवीस तास उघडं, मुलांना दाखल करून घेणारं रुग्णालय रिक्षाने २० मिनिटांत. सरकारी मोठं रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती. अंबरनाथहून ते जवळ पडतं. वाटेत रेल्वे ओलांडायची असेल तर पूल कुठे आहे आणि रात्री दोन वाजता रिक्षा कुठे उभ्या असतात, ते एकदा जाऊन बघून या.