डिकीच्या कोपऱ्यात फायबरग्लासची सबवूफर पेटी

प्रश्न: नाशिकच्या सिडकोत राहतो. स्टेपनी सहज निघेल अशी जागा राखून, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात १२ इंची सबवूफरसाठी (खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी) सुमारे २८ लिटरची बंद पेटी घडवायची आहे. पावसाळ्यात हे काम करावे का?

उत्तर १: नाशिकचा पाऊस ओसरू द्यावा, कारण दमट हवेत फायबरग्लासवर लावायच्या पॉलिएस्टर रेझिनचा (वाळून कडक होणाऱ्या द्रवाचा) पृष्ठभाग चिकट राहतो. हार्डनर (रेझिन कडक करणारे द्रव्य) रेझिनच्या १ ते २ टक्केच घ्यावा; जास्त झाल्यास उष्णतेने थर तडकतो. मास्क अवश्य वापरावा.

उत्तर २: आकारमान अंदाजाने ठरवू नये. पेटीत तांदूळ भरून ते लिटरच्या मापाने मोजावेत. मी मोजले नव्हते, पेटी लहान झाली आणि खालचे सूर हरवले. स्पीकरसाठी १८ मिमी एमडीएफचे (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीचे) गोल कडे बसवावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दिवाळीनंतरच सुरुवात करीन.