९६००के पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायचाय, व्होल्टेज किती द्यावं?

अक्षरजुळारी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कोअर आय५ ९६००के आहे, सोबत झेड३९० मदरबोर्ड, एका पंख्याचा टॉवर कूलर आणि डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंगचं, अधूनमधून गेम. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटचा क्रम बदलण्यापलीकडे आजवर काही केलेलं नाही.

रेंडर करताना सहाही कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर दिसतात. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, ५.० गाठण्याबद्दल सगळीकडे वाचतोय. त्यासाठी मल्टिप्लायर थेट ५० केला तर चालेल का? व्होल्टेज किती द्यायचं? प्रोसेसर जळेल अशी धास्ती वाटते. शिवाय टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २१३३ दिसतो, तो बरोबर आहे का?

धडाका

५० टाका, १.४० व्होल्ट द्या. माझा तसाच चालतोय. विंडोज उघडलं की झालं.

सावकाश

विंडोज उघडलं म्हणजे झालं, असं कृपया धरू नका. विंडोज उघडताना प्रोसेसरवर फारसा ताण येतच नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. अस्थिर प्रोसेसर दर वेळी निळा पडदा दाखवून थांबतो असं नाही. कधी तो गुपचूप चुकीचं उत्तर देतो आणि पुढे चालत राहतो. मग रेंडर केलेल्या व्हिडिओत एखाद्या फ्रेमवर रंगाचे ठोकळे उमटतात, झिप फाइल उघडताना चूक दाखवते, प्रोजेक्टची फाइल सेव्ह होते पण पुन्हा उघडत नाही. निळा पडदा निदान कळतो तरी. तुमचं कामच एडिटिंगचं आहे, म्हणून बायोसमध्ये जाण्याआधी सगळ्या प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

आता आकड्यांकडे. एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. एखाद्याची ४.९ ला १.२५ व्होल्टवर खूश असते, दुसऱ्याची १.३५ देऊनही अडखळते. त्यामुळे धडाका यांचा आकडा त्यांच्या चिपचा आहे, तुमचा तुम्हालाच शोधावा लागेल.

आधी काहीही न बदलता एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, सिनेबेंच आर२३ (रेंडर करवून प्रोसेसरवर ताण देणारं सॉफ्टवेअर) ची १० मिनिटांची मल्टिकोअर चाचणी लावा आणि सर्वाधिक तापमान, वॉट, व्होल्टेज व गुण कागदावर लिहून ठेवा. मूळ सेटिंगवरच तापमान ८५ अंशांवर जात असेल तर इथेच थांबा. आधी कूलर, पेस्ट आणि कॅबिनेटमधली हवा बघा. आणि खोली १० अंशांनी तापली की साधारण तेवढेच अंश प्रोसेसरवरही चढतात, तेव्हा थंडीतल्या चाचणीवर उन्हाळ्याचा भरवसा ठेवू नका.

वेगाचं गणित सोपं आहे: बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉकला हात लावू नका. सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर ४५ करा आणि व्होल्टेज ऑटोवरून काढून मॅन्युअल १.२० ठेवा. ऑटोवर सोडलं तर बरेच बोर्ड गरजेपेक्षा सढळ हाताने व्होल्टेज देतात. चाचणी पास झाली की मल्टिप्लायर एकाने वाढवा. फेल झाली की व्होल्टेज ०.०१ किंवा ०.०२ ने. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं बिघडलं कशामुळे ते कळत नाही.

जळण्याबद्दल. उष्णतेपासून हा प्रोसेसर स्वतःला वाचवतो: १०० अंशांना पोचला की वेग उतरवतो, त्याच्याही पलीकडे गेला तर मशीन बंद करतो. पण तुम्ही हाताने लिहिलेल्या व्होल्टेजपासून त्याला कोणी वाचवत नाही. जास्त व्होल्टेज आणि तापमान असंच महिनोन् महिने राहिलं की चिप झिजते, आणि मग काल चालणारा वेग आज चालत नाही. रोजच्या वापरात, एअर कूलरवर, मी १.३५ च्या वर जाणार नाही. १.४० तर नाहीच.

विजेचा हिशेबही बघा. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.३ वरून ४.८ म्हणजे वेग सुमारे १२ टक्के जास्त. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं तर वीज सुमारे ३१ टक्के वाढते. ती सगळी उष्णता तुमच्या त्या एका पंख्याने बाहेर काढायची आहे. गेममध्ये ग्राफिक्स कार्डच आधी दमत असेल तर या १२ टक्क्यांतलं काहीच दिसणार नाही. रेंडरला मात्र दिसेल.

लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते सावरायला लोड लाइन कॅलिब्रेशन असतं. मधली पातळी ठेवा. पातळ्यांचे आकडे मात्र मॅन्युअलमध्ये बघा, कारण काही बोर्डांवर १ सर्वांत कडक असतं, काहींवर सर्वांत सैल.

रॅम २१३३ वर आहे कारण एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी बायोसची सेटिंग, बंद आहे. चालू करा, पण सगळ्यात आधी आणि एकटंच, मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून खात्री करून. या प्रोसेसरचं अधिकृत रॅम समर्थन २६६६ पर्यंत आहे, म्हणजे ३२०० हेही ओव्हरक्लॉकिंगच झालं.

मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. वायर काढा, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) पिना जोडा किंवा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ जागी येतं.

रायझनकर

हे वाचून कोणी एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर करणार असेल तर थांबा, तिथे रीत वेगळी आहे. ५६००एक्स एका कोअरवर स्वतःच ४.६ पर्यंत जातो. सगळे कोअर हाताने ४.५ वर बांधले तर हलक्या कामात उलट नुकसान. त्याऐवजी पीबीओ (रायझनची स्वतःच वेग वाढवण्याची सोय) चालू करा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला उणे आकडा द्या, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज लागतं. आणि हे अस्थिर असलं की बहुधा पूर्ण लोडवर नव्हे, मशीन रिकामं बसलेलं असताना कोसळतं, कारण सर्वांत उंच वेग हलक्या लोडवरच गाठला जातो. त्यासाठी एकेक कोअर तपासणारं कोअरसायकलर वापरा, सिनेबेंचमध्ये ते सापडत नाही.

अक्षरजुळारी

सावकाश, मनापासून आभार. एक्सएमपी चालू केलं, मेमटेस्ट८६ मध्ये एकही चूक नाही. ४७ ला १.२३ व्होल्टवर सिनेबेंच आणि ओसीसीटी (ताणाची आणखी एक चाचणी) दोन्ही पास, कमाल ७८ अंश. ४८ ला १.२५ वर सिनेबेंच पास झालं, पण मोठं रेंडर लावल्यावर एडिटिंगचं सॉफ्टवेअर आपोआप बंद पडलं. निळा पडदा नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र डब्ल्यूएचईए लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आहेत, आयडी १९. व्होल्टेज वाढवू का?

सावकाश

१९ म्हणजे हार्डवेअरची चूक झाली आणि तिथल्या तिथे दुरुस्त झाली. दुरुस्त झाली तरी ती इशाराच आहे, ४८ ला १.२५ अपुरे पडतायत. १.२७ वर करून बघायला हरकत नाही, तापमानात जागा आहे. पण ४७ आणि ४८ मध्ये फरक दोन टक्क्यांचा. तासाभराच्या रेंडरमध्ये सव्वा मिनिट वाचेल. मी तुमच्या जागी असतो तर ४७ वर राहून व्होल्टेज १.२४ केलं असतं, म्हणजे उन्हाळ्यासाठी थोडी शिल्लक राहते. त्यानंतर तुमचं नेहमीचं सर्वांत मोठं रेंडर दोनदा करा आणि इव्हेंट व्ह्यूअर पुन्हा बघा. एकही नवी नोंद नसेल तर मॅन्युअलऐवजी अ‍ॅडॅप्टिव्ह व्होल्टेज लावा, म्हणजे मशीन रिकामं असताना व्होल्टेज खाली येईल. अ‍ॅडॅप्टिव्हवर गेल्यावर चाचणी पुन्हा करायची हे विसरू नका, लोडवर मिळणारा आकडा थोडा बदलतो. शेवटी ही सेटिंग बायोसमध्येच प्रोफाइल म्हणून सेव्ह करून ठेवा.