कोकणातल्या हॉटेलचा विमा म्हणजे पैसे समुद्रात? अजिबात नाही

गोदाकाठ
काल इथे एका दादांनी लिहिलं की दापोली-गुहागरकडे हॉटेल किंवा होमस्टे असेल तर विमा काढूच नका, कंपन्या काही देत नाहीत, हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी एफडीत टाका. खाली सगळे माना डोलावतायत हे बघून डोकं सटकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नाशकातल्या कितीतरी जणांनी द्राक्षाचा नाहीतर प्लॉटचा पैसा तिकडे घातलाय. आमचंही दापोलीजवळ कर्द्याला भावाभावांत लॉज आणि खाणावळ आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वरचे पत्रे उडून शेजारच्या वाडीत पडले, स्वयंपाकघरावर नारळ आडवा, गाद्या भिजून चिंब. आणि एफडी म्हणाल तर मार्चपासून लॉकडाऊन, गल्ला बंद, होती नव्हती ती एफडी पोरांच्या पगारासाठी आधीच मोडलेली! आग-वादळाची पॉलिसी होती म्हणून छप्पर परत चढलं. पूर्ण रक्कम नाही मिळाली, पण मिळाली. कितीचा आणि कशाकशाचा विमा काढलाय हे आपण बघत नाही, खरं दुखणं तिथे आहे. साठ लाखांची इमारत-सामान तीस लाखांचं दाखवलं की दहा लाखांच्या नुकसानीला पाचच मिळणार. हे पॉलिसीत छापलेलं असतं.

पंचवटीकर
छापलेलं वाचायला पॉलिसी हातात तर पाहिजे ना? मेहुण्याचं गुहागरला छोटं हॉटेल. बँकेने कर्जाबरोबर विमा गळ्यात मारला, रक्कम कर्जाएवढी, आणि हप्ता कमी बसावा म्हणून वादळ-पुराचा भाग काढून टाकलेला. हे कधी कळलं, तर वादळ होऊन गेल्यावर. दुसऱ्या एकाला क्लेम मंजूर झाला तर पैसे आधी बँकेच्या खात्यात वळते. आणि नुकसान बघायला येतो तो सर्व्हेअर! त्याने पन्हाळीवर नखाने ओरखडा काढला, लाल पावडर बोटावर आली, 'हा गंज जुना आहे' म्हणून लिहून मोकळा. अहो समुद्राच्या तोंडावर कोणता पत्रा गंजत नाही? तुम्ही एजंट आहात का? बोलणं तसंच वाटतंय.

गोदाकाठ
एजंट नाहीये. आणि तुम्ही सांगताय तो राग बँकेवरचा आहे, विम्यावरचा नाही. गंजाचं म्हणाल तर पावसाळ्याच्या आधी छपराचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, डागडुजीची बिलं जपा. सर्व्हेअरला तोंडी सांगून काही होत नाही, कागद दाखवावा लागतो.

मुरूडची माहेरवाशीण
आमचं दापोलीचं मुरूड. वहिनीच्या डीप फ्रीजरमध्ये आटवलेला आमरस आणि सोललेली कोळंबी होती. वादळाने खांब पडले, लाइट कित्येक आठवडे नव्हती. झाकण उघडलं तेव्हा वासाने अंगणात उभं राहवेना. कंपनी म्हणाली माल वादळाने नाही, वीज गेल्याने नासला, त्याचा विमा वेगळा असतो. बरं, पॉलिसी घरगुती होती आणि घरात पाहुणे उतरतात म्हणून घराच्या क्लेमवरही प्रश्न. कोणी आधी सांगितलं होतं का हे?

अंबड एमआयडीसी
म्हणून म्हणतो सर्व्हेअर वगैरे भानगडच नको. वाऱ्याचा वेग अमुक किलोमीटरच्या वर गेला की ठरलेली रक्कम थेट खात्यात, असा विमा पाहिजे. मोजणी यंत्राची, वाद संपला.

निफाडचा बागाईतदार
वाद संपत नाही भाऊ, तिथूनच सुरू होतो, आम्हाला विचारा! आमच्या द्राक्षाचा फळपीक विमा असाच हवामानाच्या आकड्यांवर चालतो. हवामान मोजायचं केंद्र महसूल मंडळात एका ठिकाणी, माझी बाग दुसऱ्या टोकाला. माझ्याकडे धो धो कोसळला तरी केंद्रावर भुरभुर झाली असेल तर मी पात्र नाही. गारपिटीचं संरक्षण तर वेगळा हप्ता भरून घ्यायचं आणि गारा पडल्या की ७२ तासांत कळवायचं. २६ नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ आठवा. सकाळी घड मोजून आलो होतो, रात्री बॅटरी घेऊन गेलो तर तारेवर नुसत्या काड्या आणि खाली मण्यांचा चिखल. लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, तक्रार कुठून नोंदवणार? डोक्यावर कर्ज, औषधवाल्याची उधारी. आणि तुम्ही यंत्रावर भरवसा ठेवा म्हणता.

अंबड एमआयडीसी
मग केंद्रं वाढवा, पद्धत चुकीची कशी?

निफाडचा बागाईतदार
वर्षानुवर्षं तेच ऐकतोय. एसीत बसून सोपं असतं.

गोदाकाठ
दादा, तुमचं दुःख खरंय पण धागा हॉटेलचा आहे, द्राक्षाचा वेगळा काढा ना.

निफाडचा बागाईतदार
वेगळा का काढू? तुम्हीच वर लिहिलं द्राक्षाचा पैसा कोकणात गेला. बाग वाचली नाही तर कर्द्याचं हॉटेल कशावर उभं राहणार होतं?

मुरूडची माहेरवाशीण
मग मीही बोलते. नाशिक-पुण्याहून येऊन समुद्र दिसावा म्हणून माडाच्या वाड्या साफ करता, सुरूची झाडं काढता, वाऱ्याला अडवायला काही ठेवत नाही आणि मग पत्रे उडाले म्हणून क्लेम. आमच्या जुन्या कौलारू घराभोवती झाडी होती, चार कौलं गेली, बाकी घर शाबूत राहिलं.

गोदाकाठ
ताई, आम्ही एकही माड तोडला नाही, सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

शरणपूर रोड
हॉटेलवाल्यांचे हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम, म्हणून मुद्द्याचं सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे, वादळ-पूर त्यात येतं, आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी दाखवली गेली असली तरी कपात होत नाही. पण धंदा बंद राहिला त्याचे पैसे यात नाहीत, त्याला नफा-तोट्याचा वेगळा विमा लागतो, आणि तोही जागेचं नुकसान झालं असेल तरच लागू. म्हणून लॉकडाऊनमध्ये बहुतेकांना दमडी मिळाली नाही. शिवाय नफा मोजतात वहीवरून. सीझनचा निम्मा गल्ला रोखीत घेऊन वहीत दाखवला नाही तर बुडालेला नफा कुठून सिद्ध करणार? हे मी दर वर्षी ओरडून सांगतो, कोणी ऐकत नाही.

पंचवटीकर
ठीक आहे, एवढं मान्य. मेहुण्याला म्हणतो बँकेकडून पॉलिसीची प्रत माग आणि वादळ-पूर आहे का बघ. पण त्या सर्व्हेअरबद्दलचा एक शब्दही मागे घेणार नाही.

शरणपूर रोड
नका घेऊ. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. रत्नागिरीसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, छोट्या धंदेवाल्यालाही जाता येतं.

मुरूडची माहेरवाशीण
वहिनीची नोंद पाहुणे उतरवायच्या निवास-न्याहारी योजनेत आहे, घरपट्टी मात्र घरगुतीच. फॉर्मवर काय लिहायचं?

शरणपूर रोड
जे आहे ते. किती खोल्यांत पाहुणे उतरतात, जेवण देता, गॅसच्या टाक्या किती आणि कुठे. घरगुती पॉलिसीवर चालवू नका. फ्रीजरच्या मालाचं वेगळं विचारा. एजंट म्हणाला 'लिहायची गरज नाही' तर ते त्याच्याकडून लेखी मागा, आणि नाही दिलं तर दुसरा एजंट बघा.