२५६ जीबीचं कार्ड डुप्लिकेट निघालं, लग्नाचं शूट गेलं. आता ऑनलाईन घेताना बघायचं तरी काय?

जुळेसोलापूर_फोटो

नमस्कार मंडळी. मी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो, जुळे सोलापुरात घरातच छोटा स्टुडिओ आहे. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी एका साईटवरनं नावाजलेल्या कंपनीचं २५६ जीबीचं एसडी कार्ड मागवलं, भाव बाजारापेक्षा निम्म्याहून कमी, रिव्ह्यू ढीगभर, चारच्या वर स्टार, पाकीट पण सीलबंद. यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीचं त्याच्यावरच शूट केलं, रोज घरी येऊन कॉपी करायचो आणि फॉरमॅट मारायचो, काहीच त्रास नाही. नंतर दोन बारशी, एक वास्तुशांत झाली, तीही व्यवस्थित.

परवा अक्कलकोट रोडला लग्न होतं. सकाळी हळद, दुपारी अक्षता. कार्ड मोठं आहे म्हणून दिवसभर तेच ठेवलं. रात्री कॉम्प्युटरला लावलं तर फाईली सगळ्या दिसत्यात, साईज पण बरोबर, पण हळदीतल्या सुरुवातीच्या क्लिपा सोडल्या तर एक पण उघडंना. अक्षता नाहीत, सप्तपदी नाही, पाठवणी नाही. मुलीच्या वडिलांनी कारखान्यात यंत्रमागावर आयुष्य काढलंय, त्यांना फोन करायला हात उचलत नाही ओ.

काही परत मिळेल का? आणि पुढच्या महिन्यात चार लग्नं आहेत, कार्डं पण घ्यायचीत आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या पण. असली-नकली ओळखायचं कसं ते कुणीतरी नीट सांगा. कॅमेऱ्याला स्लॉट एकच आहे.

लेन्सवाला_पंढरपूर

दादा, वाचून पोटात गोळा आला. पहिलं म्हणजे त्या कार्डवर आता काहीही लिहू नका, फॉरमॅट तर अजिबात नको.

झालं काय ते सांगतो. असल्या कार्डात खरी मेमरी बऱ्याचदा असते १६ नाहीतर ३२ जीबी, पण आतला कंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) कॅमेऱ्याला २५६ म्हणून खोटं सांगतो. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट लिहिलं जातं, त्याच्यापुढचं एकतर हवेत जातं नाहीतर फिरून जुन्यावरच लिहिलं जातं. फाईलींची यादी वेगळ्या ठिकाणी असते म्हणून नावं आणि साईज बरोबर दिसत राहतात. ४के व्हिडिओला सेकंदाला १०० मेगाबिट (एमबीपीएस) धरलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबी पाऊण तासाच्या आतच संपतं. तुम्ही यात्रेत रोज थोडं शूट करून फॉरमॅट मारत होता म्हणून इतके महिने कळलं नाही. कार्ड पहिल्या दिवसापासनंच तसलं होतं.

फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर घ्या, हळदीचं अजून थोडं मिळू शकतं. पण पुढचं कधी लिहिलंच गेलं नाही, ते कुठलाही रिकव्हरीवाला काढू शकत नाही, तिथं पैसे घालू नका. त्यापेक्षा आजच्या आज पाहुण्यांच्या मोबाईलमधले व्हिडिओ गोळा करा, लोक आठवड्यात डिलीट मारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर क्वालिटी मरते. आणि कार्यालयातनं यूट्यूबवर लाईव्ह केलं होतं का ते विचारा, आजकाल बरेच जण करतात.

इथनं पुढं कुठलंही कार्ड आलं, अगदी सख्ख्या भावानं दिलं तरी, पहिल्याच दिवशी पूर्ण भरून तपासायचं. विंडोजला एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सला एफ३, दोन्ही फुकट. कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं, खरी जागा किती ते आकड्यात येतं. वेळ मात्र लागतो, २५६ जीबीला सेकंदाला २० एमबीनं लिहिलं तर नुसतं लिहायलाच साडेतीन तास, मग वाचायचा वेळ वेगळा. रात्री लावून झोपायचं. परतीची मुदत बऱ्याचदा आठवडा-दहा दिवसच असते, त्याच्या आत हे उरकायचं. स्लॉट एकच असेल तर एक २५६ घेण्यापेक्षा चार ६४ घ्या, हळद वेगळ्या कार्डवर, अक्षता वेगळ्या.

टॉवेल_कारखाना

मी तर म्हणतो इलेक्ट्रॉनिक वस्तू ऑनलाईन घेऊच नये, नवी पेठेत जावं, हातात घेऊन बघावं, काय झालं तर दुकानदाराच्या दारात तरी जाऊन उभं राहता येतं.

नवीपेठ_रिपेअर

मालक, मी नवी पेठेतच मोबाईल रिपेअरचं दुकान चालवतो, त्यामुळं तुमचं ऐकून बरं वाटायला पाहिजे, पण खरं सांगतो, डुप्लिकेट माल पेठेत पण मिळतो. बिल देत नसेल तर पेठ काय आणि ऑनलाईन काय, सारखंच. रोज माझ्या काउंटरवर फुगलेल्या बॅटऱ्या येतात, त्यातल्या निम्म्या लोकांनी "ओरिजिनल आहे" म्हणून समोरासमोर घेतलेल्या असतात.

ऑनलाईन घेताना लोक साईटचं नाव बघतात, विकणारा कोण ते बघतच नाहीत. साईट म्हणजे बाजार, माल विकणारा गाळेवाला वेगळाच असतो. भावाच्या खाली विक्रेत्याचं नाव असतं, त्याच्यावर दाबायचं, पत्ता बघायचा, तो अजून काय काय विकतो ते बघायचं. कालपर्यंत साडीपिना विकणारा आज नामांकित कंपनीचं कार्ड निम्म्या भावात देत असेल तर तो माल त्याच्याकडं आला कुठनं? कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर अधिकृत विक्रेते दिलेले असले तर त्यातलाच घ्यायचा. आणि माल साईटच्या गोदामातनं आला म्हणजे साईटनं तो तपासला असं धरू नका.

स्टारवर तर जाऊच नका. जुन्या, दुसऱ्याच वस्तूच्या पानावर नवीन वस्तू चढवून जुने रिव्ह्यू तसेच ठेवतात. रिव्ह्यू तारखेप्रमाणं लावून ताजे आणि फोटोवाले बघा, एक-दोन स्टारवाले आधी. चांगले रिव्ह्यू बहुतेक पहिल्या दिवशीच लिहिलेले असतात, "पॅकिंग मस्त" म्हणून, आणि या दादांचं कार्ड पण पहिल्या दिवशी मस्तच होतं की.

बॅटरी, चार्जर, पॉवर बँक घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि त्याच्याखाली आर नंबर बघा, आर आणि पुढं आठ आकडे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की कुठल्या कंपनीला, कुठल्या ब्रँडसाठी, कुठल्या वस्तूसाठी दिलाय ते येतं. नुसता नंबर निघाला म्हणून खूश होऊ नका, चोर लोक दुसऱ्याचा खरा नंबर छापतात, मी तपासलेल्या एका चार्जरवरचा नंबर भलत्याच वस्तूचा निघाला. नाव, ब्रँड, मॉडेल तिन्ही जुळलं पाहिजे. पॉवर बँकेत अजून एक, १८६५० साईजच्या गोल सेलमध्ये साधारण ३५०० एमएएचच्या (चार्ज किती मावतो त्याचं माप) वर जात नाही, त्याच्यावर ९९०० छापलं असेल तर ते सरळ खोटं. मोबाईल असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय (मोबाईलचा ओळख नंबर) काढा, केवायएम लिहून एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर टाका आणि १४४२२ ला मेसेज करा, मॉडेल कळतं.

होटगीरोड_ताई

ग्राहक तक्रारींच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून लिहिते. दादा, परतीची मुदत गेली म्हणून गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. साईटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा (पानाच्या अगदी तळाशी असतं), त्यांना लेखी मेल करा, चॅटवर भांडत बसू नका. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असं त्यांच्यावर बंधन आहे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंद करा.

तरी दाद दिली नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी, कारण २०१९ च्या कायद्यात ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. समोरचे म्हणतील की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात ग्राहकाचीच धरतात. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा की स्टुडिओ तुम्ही स्वतः चालवता आणि त्यावरच घर चालतं.

पुरावा म्हणून बिल, त्या पानाचे स्क्रीनशॉट (आजच काढा, पान गायब होतं), कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. भरून तपासायचं ते सॉफ्टवेअर कार्डातला डेटा निघाल्यावरच चालवा आणि चालवतानाचा व्हिडिओ काढा. पुढच्या वेळी पार्सल उघडतानाच व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या लेबलपासनं सुरू करून मध्ये कुठं न तोडता.

जुळेसोलापूर_फोटो

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटोरेकनं हळदीच्या अजून अकरा क्लिपा निघाल्या, नवरीची आजी हळद लावतानाची त्यात आली. मग कार्ड तपासलं, खरी जागा ३२ जीबीच्या पण थोडी आतच. घरातली बाकी तीन कार्डं पण रात्रभर लावली, दोन चांगली, एक ६४ चं खोटं निघालं, ते वर्षभर वापरतोय मी.

ताई, मेल टाकलाय, १९१५ ला पण नोंद केली. बॅटऱ्यांचं, एक ऑर्डर टाकली होती ती रद्द केली, विक्रेत्याचं नाव बघितलं तर नवी पेठ दादांनी सांगितलं तसंच होतं, सगळं स्वयंपाकघराचं सामान विकत होता.

लाईव्ह नव्हतं केलेलं. पण नवरीच्या मामेभावानं अक्षतांचा मोबाईलवर काढलेला सहा मिनिटांचा व्हिडिओ दिलाय, थोडा हलतोय पण मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू येत्यात. पाठवणीचं अजून कुणाकडं सापडलं नाही, विचारतोय. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन स्वतः सांगणार आहे, ॲडव्हान्स परत द्यायला सोबत घेऊन गेलो तर बरं का आधी नुसतं बोलावं, तेवढं कुणी सांगा.

होटगीरोड_ताई

घेऊनच जा दादा. आणि तो अक्षतांचा व्हिडिओ पेनड्राईव्हवर घालून सोबत न्या.