दाट तणाला ‘दीडपट डोस’ सांगणाऱ्या भाऊंना

काळीकसदार, वाशीम : परवा एका भाऊंनी छातीठोक लिहिलं, सोयाबीनमध्ये तण दाट असेल तर इमॅझेथापायर हे तणनाशक एकरी 400 ऐवजी 600 मिली मारा, विषय संपला. खाली ‘बरोबर’, ‘बरोबर’ची रांग. अहो, 10 टक्के तीव्रतेच्या औषधाचे एकरी 400 मिली हे तण दोन-चार पानांवर असतानाचं गणित आहे. पेरणीनंतर 15 ते 20 दिवस. केना नावाचं तण फुटभर झाल्यावर 600 मारून तो चार दिवस सुकल्यासारखा करतो अन् पुन्हा फुटतो. सोयाबीन मात्र पिवळं पडून जागीच बसतं. उत्पादन पहिल्या 30-45 दिवसांत ठरतं, ते दिवस आपण वाट बघण्यात घालवायचे आणि नंतर डोस वाढवायचा! शिवाय हे औषध जमिनीत मागे राहतं. रब्बीत मोहरी टाकणाऱ्याने सांभाळून.

बांधावरचा : पुस्तकी ज्ञान. मी दरवर्षी 500 मारतो, एकरी नऊ पोते होतात. तुमचे किती?

काळीकसदार : शेजारी चार ओळी 400 च्या ठेवल्या होत्या का? नाही ना. मग ते पोते डोसचे की पावसाचे, कसं कळलं?

नोझल : दोघंही पाण्याचं बोलत नाहीत. एकराला 200 लिटर पाणी, म्हणजे 15 लिटरचे तेरा पंप. पंपाला 30 मिली टाकून सात पंपांत एकर उरकणारे मी रोज बघतो. गेलं किती? 210 मिली. मग दुकानदाराच्या नावाने शिमगा.

काळीकसदार : हे मान्य. आणि ‘तुरळक तण आहे, राहू द्या’वालेही शहाणे नाहीत. विरळ तणाचं एकेक झाड पिकाचं जास्त खातं. दाट झालं की तणच तणाशी भांडतं, म्हणून तण दुप्पट झालं तरी नुकसान दुप्पट होत नाही. तणांचा अभ्यास करणाऱ्या कझन्स या शास्त्रज्ञाने 1985 मध्ये हे सूत्रात मांडलं.

बांधावरचा : कझन्स येणार का निंदायला? बाया मिळत नाहीत, म्हणून औषध वाढवावं लागतं.

निंदणवाली : बाया मिळत नाहीत की त्या मजुरीत मिळत नाहीत? फवारणीच्या गड्याला दोन तासांचे जेवढे देता, तेवढ्यासाठी आम्ही दिवसभर चिखलात वाकतो.

बांधावरचा : ताई, 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 होता, तोही कागदावर. व्यापारी ओल दाखवून काय हातावर ठेवतो ते या एकदा बघायला. मजुरी कुठून वाढवू?

निंदणवाली : व्यापाऱ्यासमोर गप्प बसायचं आणि घासाघीस बाईशी करायची. वा!

बांधावरचा : तुम्हाला शेती परवडण्याचं काय, संध्याकाळी पैसे मोजून मोकळ्या.

निंदणवाली : माझंही दोन एकर आहे. दुसऱ्याचं निंदून झाल्यावर स्वतःचं निंदते. तोंड सांभाळून.

नोझल : डवरा, म्हणजे ओळींमधलं तण काढणारं बैलाचं औत, कोणी मारतं का आता? दोन डवरण्या वेळेत झाल्या तर निंदण निम्म्यावर येतं.

बांधावरचा : बैल तुमच्या गोठ्यातून आणू? आणि पाऊस आठ दिवस उघडला नाही तर डवरा चालतो कुठे?

नोझल : तेही खरं म्हणा.

बांधावरचा : ठीक आहे शास्त्रीबुवा, यंदा एका पट्ट्यात 400 मारतो, अठराव्या दिवशी, तेरा पंप. पोतं कमी भरलं तर तुमच्या घरून उचलीन.

काळीकसदार : उचला. पण बाजूला 500 चा पट्टाही ठेवा, आणि दोन्हीची मळणी वेगळी करा.

निंदणवाली : पट्ट्यात केना उरला तर निंदायला मलाच बोलावणार. रेट आत्ताच सांगा.