‘मत्स्यसाठा’, ‘आवक’ आणि ‘उपसा’: ट्यूनाच्या मोजणीतील शब्द

प्रश्न

लक्षद्वीपमधील ट्यूना मासेमारीवरील एका अहवालाचे मराठी रूपांतर करीत आहे. त्यातील ‘स्टॉक’ या संज्ञेसाठी ‘साठा’ हा शब्द घ्यावा काय? साठा म्हटले की गोदामातली पोती डोळ्यांपुढे येतात, आणि येथे तर अंडी घालून वाढणाऱ्या, शेकडो मैल पोहणाऱ्या माशांविषयी बोलायचे आहे. शिवाय अहवालात ‘ओव्हरफिश्ड’ आणि ‘ओव्हरफिशिंग’ अशा दोन निरनिराळ्या संज्ञा आहेत आणि दोन्हींसाठी माझ्याकडे ‘अतिमासेमारी’ हा एकच शब्द आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

‘साठा’ खुशाल ठेवावा. धरणातील पाणीसाठ्याच्या बातम्या आपण रोज वाचतो, त्यात पाणी येत असते आणि जातही असते, तरी तो शब्द कोणाला खटकत नाही. खटकायला हवे ते वेगळेच: ‘लक्षद्वीपचा ट्यूना साठा’ ही शब्दरचना. लक्षद्वीपमध्ये मुख्यतः मिळतो तो स्किपजॅक, ही ट्यूनाची एक लहान जात. या माशाचा संपूर्ण हिंदी महासागरातील समुदाय हा एकच साठा मानून हिंदी महासागर ट्यूना आयोग, ज्याचे कार्यालय सेशेल्समध्ये आहे, त्या साठ्याचे मूल्यमापन करतो. म्हणजे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरील बोटीने पकडलेला मासा आणि मालदीवच्या बोटीने पकडलेला मासा एकाच खात्यातून वजा होतात. लक्षद्वीपची असते ती पकड. साठा महासागराचा असतो. मूळ इंग्रजी अहवालच येथे सैल लिहिलेला असण्याची शक्यता आहे, तेव्हा प्रत्येक ठिकाणी अर्थ पाहून शब्द योजावा.

दुसरा घोटाळा ‘मत्स्योत्पादन’ या सरकारी शब्दाने होतो. समुद्रातून काढलेल्या मासळीला उत्पादन म्हटले की ती वाढणे ही आपोआप चांगली बातमी ठरते. बंदरावरचे लोक ‘आवक’ म्हणतात, आणि माझ्या मते तोच शब्द प्रामाणिक आहे, कारण धक्क्यावर किती मासळी आली याहून अधिक काही सांगण्याचा दावा तो करीत नाही. आवक वाढली ती मासे वाढल्यामुळे की बोटी वाढल्यामुळे, हे कळण्यासाठी आवकेला फेऱ्यांनी भागावे लागते. त्याला ‘प्रति फेरी पकड’ म्हणावे. ‘प्रति एकक प्रयत्न पकड’ हे इंग्रजी संज्ञेचे भाषांतर अचूक असले तरी वाचणाऱ्याला त्यातून बोट दिसत नाही.

अर्थात प्रति फेरी पकडही फसवू शकते, आणि लक्षद्वीपच्या पद्धतीत तर विशेषच. तेथील मासेमारी काठी-गळाची आहे. आधी लगूनमधून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतील उथळ पाण्यातून, लहान मासे जिवंत पकडून बोटीतील पाण्याच्या टाकीत ठेवतात, मग ट्यूनाचा थवा दिसला की ते आमिष मूठमूठ समुद्रात टाकतात, पाण्याचे फवारे उडवतात आणि मागच्या बाजूला ओळीने उभे राहिलेले मच्छीमार बिनकाट्याच्या गळांनी एकेक मासा उचलून बोटीत टाकतात. एखाद्या महिन्यात आमिषाचे मासेच मिळाले नाहीत, तर बोट रिकामी परतते आणि नोंदवहीत ट्यूना घटल्यासारखा दिसतो, वास्तविक तो बाहेर तसाच असतो. उलटही घडते. समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या साधनांभोवती मासे गोळा होतात, त्यामुळे एकूण साठा घटत असतानाही तेथे जाणाऱ्या बोटीला पूर्वीइतकीच पकड मिळत राहते. म्हणून ‘प्रति फेरी पकड स्थिर, अतएव साठा स्थिर’ असे वाक्य अहवालात आले, तर भाषांतरकारानेही क्षणभर थांबावे.

आता ‘अतिमासेमारी’. आपल्या अहवालातील दोन संज्ञांपैकी एक स्थिती दाखवते: साठा किती उरला आहे. दुसरी गती दाखवते: सध्या किती वेगाने काढला जात आहे. पहिलीसाठी ‘खालावलेला साठा’ आणि दुसरीसाठी ‘अतिउपसा’ असे मी सुचवितो. भूजलाच्या संदर्भात ‘उपसा’ मराठीत पक्का रुळलेला आहे. दोन शब्द असणे ही चैन नव्हे. ट्यूना आयोगांच्या अहवालांत जो चौरंगी आलेख असतो (2007 साली जपानमधील कोबे येथे ट्यूना संघटनांची बैठक झाली, त्यावरून त्याला कोबे आलेख म्हणतात), त्याच्या आडव्या अक्षावर साठा आणि उभ्या अक्षावर उपसा असतो. साठा खालावलेला पण उपसा आटोक्यात, अशी अवस्था त्यात पूर्णपणे शक्य आहे, आणि मच्छीमारांच्या दृष्टीने ती तांबड्या रकान्यापेक्षा, म्हणजे साठा खालावलेला आणि उपसाही अति, या अवस्थेपेक्षा फार निराळी आहे. हिंदी महासागरातील पिवळ्या परांचा ट्यूना 2015 च्या मूल्यमापनात दोन्ही बाबतींत वाईट ठरला, 2016 मध्ये त्याच्या पुनर्भरणासाठी मर्यादा ठरल्या, आणि 2024 च्या मूल्यमापनात तो दोन्ही बाबतींत सावरलेला दिसला. हा प्रवास ‘अतिमासेमारी’ या एकाच शब्दाने सांगून पाहावा, म्हणजे अडचण लक्षात येईल.

शंका

‘उपसा’ पाण्याला आणि वाळूला ठीक आहे, माशांना जरा निर्जीव वाटतो. आणि छोट्या बंदरांवर जेथे फेऱ्यांची नोंदच नीट नसते, तेथे हे सारे शब्द कशाच्या आधारावर वापरायचे?

उत्तर

निर्जीव वाटतो, हे मान्य. तरीही दुसऱ्या कोणत्या शब्दात वेग इतका स्वच्छ दिसतो ते सांगावे. नोंदींविषयीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा ठिकाणी लांबीचा आधार घेतात: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत पट्टीवर मासा मोजायचा, आणि पकडीतील किती मासे एकदा तरी अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोहोचले होते ते पाहायचे. उष्ण कटिबंधात स्किपजॅक वर्षभर अंडी घालतो, त्यामुळे थंड पाण्यातील माशांप्रमाणे वार्षिक वलये मोजून वय काढणे अवघड असते आणि लांबीचे महत्त्व वाढते. मात्र काठी-गळाला पृष्ठभागाजवळचे लहान मासेच अधिक लागतात, पिवळ्या परांचे मोठे ट्यूना खोल पाण्यात राहतात. पकडीत पिल्ले जास्त म्हणजे महासागरात पिल्लेच उरली, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

नावांचीही काळजी घ्यावी. कोकणात कुपा, गेदर ही नावे ट्यूनाच्या जातींना आहेत, पण कोणते नाव कोणत्या जातीला, हे बंदरागणिक बदलते. तेव्हा अहवालात स्किपजॅकच ठेवावा. ‘निरोगी साठा’ मात्र टाळावा, कारण वाचक तो माशांच्या रोगांशी जोडतील. त्याऐवजी ‘प्रजननक्षम साठा लक्ष्यपातळीच्या वर आहे’ असे लिहिता येईल, आणि ती पातळी लगेच सांगावी: 2016 साली आयोगाने स्किपजॅकसाठी स्वीकारलेल्या नियमात ती मासेमारी नसतानाच्या साठ्याच्या 40 टक्के धरली होती.